बातमी राजकारण घडवते का? बेळगावकडचा अनुभव

तुम्ही विचारलंय की वृत्तपत्रं आणि चॅनेल राजकारण, इतिहास खरोखर घडवतात, की घडलेलं नुसतं लोकांपर्यंत पोचवतात. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. बारा वर्षं एका दैनिकाला गावोगावच्या बातम्या पाठवल्या. आमच्या सीमाभागात तरी घडवतात. अग्रलेखांपेक्षा मथळ्यातल्या एखाद्या शब्दाने जास्त घडवतात.

१ नोव्हेंबरचंच बघा. १९५६ साली या दिवशी राज्यांची पुनर्रचना अमलात आली आणि आम्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलो. दरवर्षी या दिवशी काळे कपडे घालून मराठी लोक बेळगाव शहरात निषेधाची सायकल फेरी काढतात, आणि तिकडे चन्नम्मा चौकात कन्नड लोकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांची गर्दी असते. दुसऱ्या दिवशी मराठी पेपरात 'काळा दिवस', कन्नड पेपरात 'राज्योत्सव'. दोन्ही खरं. पण ज्या घरात एकच पेपर येतो तिथल्या पोराला वाटतं, काल बेळगावात एवढंच झालं. आमच्याकडं दोन्ही यायचे. आजोबांना मराठी लागायचा, वडील कन्नड शाळेत मास्तर होते. चहा होईपर्यंत मी दोन्ही वाचून काढायचो, आणि लहानपणी मला कळायचं नाही की हे एकाच गावाचे पेपर कसे.

आकड्यांचंही तसंच. सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं, २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला द्यावीत असं सुचवलं. महाराष्ट्राने ते नाकारलं. आज मराठी बातमीत '८६५ गावं' हा आपल्या मागणीचा आकडा येतो, कन्नड बातमीत 'महाजन अहवालच अंतिम' हे वाक्य येतं. २६४ हा आकडा आमच्या गल्लीतल्या किती पोरांना माहीत असेल? वर्षानुवर्षं रोज कानावर पडलेलं असल्यामुळे सभेत नेत्याला काही समजावून सांगावंच लागत नाही. त्याने नुसता आकडा उच्चारला की टाळ्या पडतात. ती जमीन पेपरनी आधीच नांगरून ठेवलेली असते.

आणि हे आजकालचं नाही. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्या संमेलनाचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर म्हणजे नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक. बेळगावचा 'तरुण भारत' वेगळा, तो बाबुराव ठाकूर यांनी १९१९ साली काढला. आणि 'संयुक्त कर्नाटक' हे कन्नड वृत्तपत्र, ज्याच्या नावातच मागणी होती, तेही मूळ बेळगावचंच, नंतर हुबळीला गेलं. दोन्ही 'संयुक्त' या एकाच गावातल्या शाईतून आले, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

पुढे १६ जानेवारी १९५६ च्या रात्री नेहरूंनी रेडिओवरून मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी बेळगावात लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं गेली. १७ जानेवारीला आम्ही हुतात्मा दिन पाळतो. रेडिओवरची बातमी आणि रस्त्यावरचं रक्त यांत एका रात्रीचं अंतर होतं.

आता माझ्या हातून झालेलं सांगतो. आमच्या तालुक्यातल्या एका गावात नळपाण्याची नवी पाइप कुठल्या गल्लीतून न्यायची यावरून पंचायतीसमोर बाचाबाची झाली. भांडणारे दोघे, एकाच्या घरात मराठी, दुसऱ्याच्या घरात कन्नड. मी दहा ओळी पाठवल्या: 'पाइपलाइनवरून दोन गटांत वाद'. सकाळी छापून आलं, 'गावात कन्नड-मराठी वाद पेटला', खाली माझं नाव. दुपारपर्यंत पोलिसांची गाडी आली. संध्याकाळी दोन्ही भाषांचे पुढारी आले, ज्यांना त्या गावाने त्याआधी पाहिलंही नव्हतं. मी गेलो तर एका म्हातारीने दारातच अडवलं, "पाण्याचं लिवायचं सोडून हे काय लिवलास गा?" मला उत्तर देता आलं नाही. खुलासा आठव्या दिवशी आतल्या पानावर आला, चार ओळींचा. पाइप दीड वर्ष रखडली. आणि पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीत त्या गावात पहिल्यांदा भाषेवरून वेगवेगळी पॅनेल उभी राहिली. छापलं तेव्हा खोटं होतं ते मतदानाच्या दिवशी खरं झालं होतं.

मी मराठी आहे. सीमाभागाची मागणी न्याय्य आहे असंच मानतो, आणि मराठी पेपर नसते तर ती एवढी वर्षं जिवंत राहिली नसती हेही मानतो. २००४ पासून सीमाप्रश्नाचा खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, तारखा पडतात. त्याची आठवण ठेवायचं काम या पेपरांनीच केलंय. म्हणूनच चुकीचा मथळा मला जास्त लागतो.

चॅनेल आणि मोबाइल आल्यावर वेग वाढला. ६ डिसेंबर २०२२ ला बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तिकडे महाराष्ट्रात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं गेलं. तीच दृश्यं दिवसभर फिरत होती. पुण्याहून बहिणीचा रडत फोन आला, आणि इथे मी बाजारातून भाजी घेऊन घरी आलो होतो. आठ दिवसांनी दिल्लीत गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवलं. बैठकीनंतर त्यांनीच सांगितलं की नेत्यांच्या नावाने काढलेल्या ट्विटरवरच्या बनावट खात्यांनी हे प्रकरण चिघळवलं. खाती खोटी होती, फुटलेल्या काचा खऱ्या होत्या.

तुम्हाला यावर अभ्यास करायचा असेल तर बेळगावला या. कुठल्याही एका वर्षाचा २ नोव्हेंबरचा मराठी पेपर आणि कन्नड पेपर शेजारी ठेवा. कन्नड येत नसेल तर मी बसतो सोबत, वाचून दाखवतो.