ताराबाईने अडवलेलं जहाज

*सागरी दलांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना तटरक्षक दलातून निवृत्त झालेले, आता अंबाजोगाईत राहणारे आमचे स्तंभलेखक उत्तरं देतात.*

प्रश्न : तटरक्षक दलात 'ताराबाई' नावाचं गस्ती जहाज होतं आणि त्याने समुद्री चाचे पकडले होते, असं ऐकलं. हे खरं आहे का? नेमकं काय झालं होतं? – एक शिक्षिका, वेरूळ

ताई, अगदी खरं आहे. तुमच्या पत्रावरचं वेरूळचं नाव वाचून मला विशेष आनंद झाला. मालोजीराजांचं वेरूळ हे जिजाऊंचं सासर, महाराणी ताराबाईही त्याच भोसले घराण्याच्या सूनबाई, आणि घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला अहिल्याबाईंनी. जिजाबाई, ताराबाई, अहल्याबाई या तिन्ही नावांची जहाजं तटरक्षक दलात होती. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या तुमच्या गावाशी ही तिन्ही नावं जोडलेली आहेत, हे वर्गात जरूर सांगा.

ताराबाई आणि अहल्याबाई ही जहाजं सिंगापूरच्या गोदीत बांधलेली. दोन्ही 1987 साली दलात आली. याच वर्गातली पुढची जहाजं कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत तयार झाली. लांबी सुमारे 45 मीटर, वजन अडीचशे टनांच्या आतलं आणि पुढच्या डेकवर 40 मिलिमीटरची बोफोर्स तोफ. अशाच एका जहाजाच्या इंजिनरूममध्ये मी उमेदीची वर्षं काढली. दोन्ही इंजिनं पूर्ण वेगात असली की कानावर पडलेला शब्द कळत नाही, हातांनीच बोलायचं. मृगाचा पाऊस लागला की एवढंसं जहाज असं डोलतं, की वॉचवर उभ्या माणसाला एक हात कायम कशाला तरी धरून ठेवावा लागतो. ताराबाईने मोठ्या जहाजाचा पाठलाग केला असं म्हणताना हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे असतं.

आता 1999 ची हकीकत. 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचं मालवाहू जहाज 22 ऑक्टोबरला इंडोनेशियाच्या क्वाला तांजुंग बंदरातून सात हजार टन अॅल्युमिनियमच्या विटा घेऊन जपानला निघालं आणि थोड्याच वेळात चाच्यांच्या हाती पडलं. दोन जपानी अधिकारी आणि पंधरा फिलिपिनो खलाशी, अशा सतरा जणांना चाच्यांनी पुढे एका तराफ्यावर समुद्रात सोडून दिलं. नोव्हेंबरमध्ये थायलंडच्या मच्छीमारांनी त्यांना वाचवलं. सगळे जिवंत होते.

इकडे क्वालालंपूरच्या चाचेगिरी नोंद केंद्राने सगळ्या जहाजांना खबर दिली होती. एका टँकरला तशाच बांध्याचं जहाज भारताच्या बाजूला येताना दिसलं. तटरक्षक दलाच्या डॉर्नियर विमानाने ते शोधून काढलं. जहाजावर नाव होतं 'मेगा रामा', झेंडा बेलीझ देशाचा. नाव काय, रंगाच्या डब्याने बदलता येतं. जहाजाचा बांधा मात्र लपत नाही.

ताराबाई त्याच्या मागे लागली. वेगाची अडचण नव्हती, या वर्गाचं जहाज मालवाहू जहाजाला सहज गाठतं. पण गाठलं म्हणजे थांबवलं असं होत नाही. मोसंबी भरलेल्या ट्रकपुढे सायकल आडवी घालण्यासारखं ते आहे. त्यामुळे रेडिओवरून थांबायला सांगायचं, ऐकलं नाही तर नाळेपुढे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकासमोर, पाण्यात इशाऱ्याच्या फैरी झाडायच्या, आणि तरीही ऐकलं नाही तर जहाजावर गोळीबार करायचा. प्रत्येक पायरीला वरून परवानगी घ्यावी लागते, कारण हे सगळं आपल्या हद्दीबाहेरच्या, खुल्या समुद्रात चाललेलं होतं. चाचे थांबेनात. ताराबाईने पाठ सोडली नाही. मग नौदलाची 'प्रहार' ही युद्धनौका मदतीला आली. शेवटी चाच्यांनी जहाजाला आग लावली आणि पाणी आत घेऊन ते बुडवायचा प्रयत्न केला. 16 नोव्हेंबरला आपल्या माणसांनी जहाज ताब्यात घेतलं, बुडू दिलं नाही. पंधरा इंडोनेशियन आरोपी सापडले. जहाज मुंबईला आणलं, तेव्हा बरंचसं अॅल्युमिनियम आधीच वाटेत उतरवून विकलेलं होतं.

माझ्या मते गस्ती जहाजाच्या कारकिर्दीत असे दिवस थोडेच येतात. बाकी सगळी वर्षं मच्छीमारांचे कागद बघणं, वादळाआधी त्यांना किनाऱ्याकडे परतवणं, बंद पडलेला ट्रॉलर ओढून आणणं यांत जातात. त्याला बातमीत जागा मिळत नाही. पण तो सराव नसता, तर तो पाठलागही झाला नसता.

प्रश्न : मग त्या चाच्यांना शिक्षा झाली का? – एक वकील, परभणी

मुंबईच्या सत्र न्यायालयाने 2003 मध्ये सात वर्षांची सक्तमजुरी दिली. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्या वेळी आपल्याकडे चाचेगिरीसाठी स्वतंत्र कायदाच नव्हता. भारतीय दंडविधान आणि इंग्रजांच्या काळातले सागरी अधिकारक्षेत्राचे जुने कायदे यांवरच खटला उभा होता. चाचेगिरीविरोधी कायदा संसदेने 2022 मध्ये केला. ज्या पोरांनी ते जहाज जळू दिलं नाही, त्यांच्यासाठी तेवीस वर्षं फार झाली. वकीलसाहेब, हे मी रागानेच लिहितो आहे.

प्रश्न : माझा मुलगा बारावी सायन्सला आहे, त्याला नाविक व्हायचंय. त्याने समुद्र पाहिलेला नाही. चालेल का? – एक शेतकरी, औसा

दादा, चालेल. मीही भरतीनंतरच समुद्र पाहिला. नाविक (जनरल ड्यूटी) साठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं. 1.6 किलोमीटर सात मिनिटांत धावणं, वीस उठाबशा आणि दहा जोर ही मैदानी चाचणी असते. प्रशिक्षण ओडिशात, चिल्का सरोवराकाठच्या नौदलाच्या केंद्रात होतं. पोहणं तिथे शिकवतात, तरी विहिरीला पाणी आहे तोवर त्याला आत्ताच पोहायला लावा. पाण्याची भीती घरीच गेलेली बरी. आणि गणिताचा अभ्यास रोज करायला सांगा, आपली पोरं धावण्यात मागे नसतात, लेखी परीक्षेत अडकतात.