कोरा पियानोशी जुळत नाही, इंजिनिअर म्हणतो सॉफ्टवेअरने सरळ करू

नका करू देऊ! एवढ्यासाठीच लिहायला बसले. रेकॉर्डिंगला गांबियाचा कोरावादक (कोरा म्हणजे पश्चिम आफ्रिकेचं हार्पसारखं तंतुवाद्य), सोबत पियानो-बास-ड्रम्स, आणि काही स्वरांवर कोरा-पियानोचं जमेना, हे तुम्ही लिहिलेलं दुखणं माझं जुनंच आहे.

माइक वगैरे तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडते. कोराला २१ तारा. जुन्या पद्धतीच्या कोरावर चामड्याच्या कड्या दांडीवर सरकवून त्या लावायच्या. त्यामुळे आधी कोरा लागू दे, मग कीबोर्डचे स्वर त्याला जुळवून घ्या. वादकाला विचारा, कशात लावलाय? साउता आणि हार्दिनो या कोराच्या तारा लावायच्या दोन पद्धती. साउता असेल तर मध्यम तीव्र, म्हणजे कल्याण थाटाच्या जवळ; हार्दिनो बिलावलच्या. जवळ म्हणतेय, तंतोतंत नव्हे. वादकागणिक फरक पडतो. साधा पियानो असेल तर खटकणारे स्वर पियानोनेच टाळावेत.

आमच्या वेळी एका स्टुडिओने (नाव घेत नाही) न विचारता कोराचा स्वरन् स्वर पियानोच्या बारा पट्ट्यांत कोंबला. वर ब्रिजवरच्या (तारा टेकतात त्या घोडीवरच्या) पत्र्याची झिणझिण 'नॉइज' म्हणून पुसून टाकली. अहो, तो पत्रा मुद्दाम लावलेला असतो, तंबोऱ्याच्या जवारीसारखा! मूळ ट्रॅक मागितले तर "प्रोजेक्ट बंद झाला, डेटा काढला." पैसे मात्र आधीच पूर्ण घेतलेले. फोनवर दर वेळी नवा माणूस, मेलला उत्तर नाही, आणि वादक तोवर गांबियात, बांजुलला परतलेला. आजही आठवलं की डोकं फिरतं. तेव्हा पैसे देण्याआधी मूळ ट्रॅक आपले हे लिहून घ्या आणि रोज निघताना स्वतःच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. कायद्यातलं मला कळत नाही, ते वकिलाला विचारा.

इंजिनिअरला जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक आणि गांबियाचा कोरावादक फोडे मूसा सूसो यांचा १९८५चा अल्बम 'व्हिलेज लाइफ' ऐकवा. सिंथेसायझर आहे, ड्रम मशीन आहे, तरी कोरा कोराच राहतो. वीसेक मिनिटांच्या 'कानातेंते'त हॅनकॉक कॉर्ड बदलायचा सोस कसा आवरतो बघा. जॅझवाल्यांना हेच जमत नाही (माझं मत, भांडू नका).

पुढे बालाफोन (पश्चिम आफ्रिकेचं लाकडी पट्ट्यांचं, काठ्यांनी वाजवायचं वाद्य) घ्यायचा विचार असेल तर आणखी सावध. त्याच्या लाकडी पट्ट्या तासून स्वरात आणलेल्या, आयत्या वेळी हलत नाहीत. तिथल्या मांडिंका लोकांच्या पारंपरिक बालाफोनात सप्तकाचे जवळपास सारखे ७ भाग, प्रत्येकी सुमारे १७१ सेंट (पियानोच्या दोन शेजारच्या स्वरांत १०० सेंट). पियानोवर हे अंतर सापडणारच नाही. तिथे पियानोवाल्याला आधी नुसतं ऐकायला बसवा.