१९५च्या जागी २०५चे टायर टाकावेत का? आणि दोनच बदलले तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पाच जणांची घरची गाडी, मूळ साइझ १९५/६५ आर १५, चारही टायर झिजत आलेत. टायरवाला एक साइझ रुंद घ्या म्हणतोय. खर्च वाचवायला आधी दोनच बदलावेत असंही मनात आहे आणि कंपनी कोणती घ्यावी ते ठरत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. साइझ मूळचीच ठेवा, लोड आणि स्पीडचा आकडा कमी होऊ देऊ नका, उत्पादनाची तारीख स्वतः बघा आणि जास्तीचे पैसे मोजायचेच असतील तर ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी मोजा. कंपनीचं नाव त्यानंतर.

सुरुवात टायरपासून नको, गाडीपासून करा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडलात की खांबावर एक स्टिकर दिसेल. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर साइझ आणि हवेचा दाब दिलेला असतो. सध्या गाडीवर असलेले टायर आधी कुणीतरी बदललेले असू शकतात, म्हणून स्टिकरच खरा मानायचा. समजा तुमचा आकडा १९५/६५ आर १५ ९१ एच आहे. १९५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२७ मिमी. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. लोक इथवर बघतात आणि थांबतात, पण पुढचा ९१ एच तितकाच महत्त्वाचा. ९१ म्हणजे एक टायर ६१५ किलो वजन पेलू शकतो. एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतची क्षमता. टी म्हणजे १९०, व्ही म्हणजे २४०. इतक्या वेगाने आपण जाणार नाही, मग एच कशाला, असं वाटू शकतं. पण वेगाचं हे अक्षर टायर उष्णता किती सहन करतो तेही सांगतं, आणि भरलेली गाडी उन्हात हायवेवर तासन्‌तास पळवताना नेमकी उष्णताच टायरला मारते. या दोन्ही गोष्टींत वर गेलात तर चालेल, खाली नको. दुकानात साइझ शिल्लक नसली की १८५/६५ आर १५ पुढे केला जातो. रिमवर तो बसतोही. पण त्याचा लोड बहुतेक वेळा ८८ असतो, म्हणजे ५६० किलो. दर टायरमागे ५५ किलो क्षमता गेली, आणि पाच माणसं व सामान घेऊन जाणाऱ्या गाडीत ती मागच्या चाकांना कमी पडू शकते.

आता २०५चं. टायरचा पूर्ण व्यास असा काढतात: साइडवॉलची उंची दोनदा, अधिक रिम. १९५/६५ आर १५चा येतो ६३४.५ मिमी. २०५/६५ आर १५चा येतो ६४७.५, म्हणजे दोन टक्के मोठा. स्पीडोमीटर आणि किलोमीटरचा आकडा तेवढा मागे पडतो, पिकअप किंचित मंदावतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लॅस्टिकला घासण्याची शक्यता असते. २०५/६० आर १५ घेतलात तर ६२७, सव्वा टक्क्याच्या आसपास लहान. हा फरक चालण्यासारखा आहे. पण रुंद टायरने मिळवलं काय? कोरड्या रस्त्यावर वळणात थोडी जास्त पकड. त्याच्या बदल्यात वजन वाढतं, इंधन थोडं जास्त लागतं, आणि नक्षीची खोली सारखी असेल तर साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. घरच्या गाडीला हा सौदा परवडत नाही. कंपनीने वरच्या मॉडेलला दुसरी साइझ दिली असेल आणि ती तुमच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये छापलेली असेल, तर मात्र बिनधास्त घ्या. अट एवढीच की रिमही त्याच मापाचा हवा.

तारीख कुठे असते? साइडवॉलवर डीओटी अशी अक्षरं असतात आणि त्या ओळीच्या शेवटी चार अंक. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. पूर्ण ओळ बहुधा एकाच बाजूला असते आणि टायर बसवल्यावर ती आत, गाडीखाली जाऊ शकते. म्हणून रिमवर चढवण्याआधी चारही टायरचे अंक वाचा. वर्षभरापर्यंतचा टायर ताजाच समजायचा. दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर मी घेऊ नका म्हणेन, सूट कितीही असो. रबर नुसतं पडून राहिलं तरी वय होतच असतं. बऱ्याच कार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला असं सांगतात, मग नक्षी कितीही शिल्लक असो.

मॉडेल निवडताना तीन गोष्टी एकमेकींना खेचतात: आयुष्य, ओल्या रस्त्यावरची पकड आणि इंधनाची बचत. जास्त टिकणारं कडक रबर साधारणपणे पावसात कमी धरतं. सिलिका मिसळलेल्या रबरात ही ओढाताण बरीच कमी होते, संपत नाही. काही टायरांवर ट्रेडवेअर ४०० असा, टायर किती टिकेल याचा आकडा असतो. तो कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवून निष्कर्ष काढू नका. शेजारचं ट्रॅक्शनचं, म्हणजे पकडीचं, अक्षर ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावून काढलेलं असतं. एए सर्वांत वर, मग ए, बी, सी. घरच्या गाडीला ए किंवा एए बघा. युरोपीय लेबल असेल तर ढग आणि पावसाच्या चित्राखालचं अक्षर बघा. तिथे ए सर्वोत्तम, ई सर्वांत खाली. जिथे तापमान महिनोन्‌महिने ७ अंशांखाली असतं, तिथे आपला नेहमीचा उन्हाळी टायर कडक होऊन पकड सोडतो. अशा ठिकाणी तीन शिखरं आणि हिमकण असं चिन्ह असलेलाच टायर घ्या. नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फ) पुरेसं नाही.

दोन की चार? परवडत असेल तर चार. ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद जाणारी गाडी, असेल तर बहुतेक वेळा चारच, कारण व्यासातल्या फरकाचा ताण गिअर यंत्रणेवर येतो. दोनच घ्यायचे झाले तर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या आणि ते मागे टाका. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी मागेच. यावर हमखास वाद होतो, म्हणून कारण सांगतो. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी वळायची तशी वळत नाही, सरळ जाऊ पाहते. अॅक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा सावरते. मागची चाकं घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला ती आवरत नाही. झिजलेले टायर मागे ठेवणं म्हणजे हा धोका ओढवून घेणं.

झीज मोजायला खाचांमधले आडवे उंचवटे बघा. नक्षी त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिमी उरली, टायर संपला. पावसाळी भागात मी ३ मिमीवरच बदला म्हणेन. त्याखाली पाणी बाहेर टाकण्याची ताकद झपाट्याने घटते.

जुने टायर टाकून देण्याआधी त्यांच्यावरून हात फिरवा. हे कुणी करत नाही आणि त्यामुळेच नवा संच वर्षभरात वाया जातो. दोन्ही कडा झिजल्यात म्हणजे हवा सतत कमी होती. मधला पट्टा झिजलाय म्हणजे हवा जास्त होती. फक्त आतली कड खाल्लीय म्हणजे अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलंय, किंवा बुश आणि बॉल जॉइंट हे सस्पेन्शनचे सांधे सैल झालेत. एका दिशेने हात गुळगुळीत जातो आणि उलट फिरवला की धारा टोचतात, तर टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, चुकलाय. ठिकठिकाणी खोलगट खळगे पडलेत तर शॉक अॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग तपासा. सैल बुशवर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही, म्हणून दुरुस्ती आधी, टायर नंतर, अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

बसवताना समोर उभे राहा. रबरी व्हॉल्व नवेच टाकून घ्या. प्रेशर सेन्सर असेल तर तसं आधी सांगा, नाहीतर टायर काढताना तो तुटू शकतो. साइडवॉलवर आउटसाइड लिहिलं असेल तर ते चारही चाकांना बाहेरून वाचता आलं पाहिजे. रोटेशनचा बाण असेल तर तो गाडी पुढे जाताना चाक फिरतं त्या दिशेने हवा. पिवळा ठिपका टायरची हलकी बाजू दाखवतो. तो व्हॉल्वजवळ ठेवला की वजनं कमी लागतात. नट शेवटी टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळायला सांगा. अनेक छोट्या गाड्यांना १०० ते १२० न्यूटन मीटर लागतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. नुसत्या एअर गनने जास्त आवळले तर स्टड (नट ज्यावर बसतात ते बोल्ट) ताणले जातात, आणि रस्त्यात पंक्चर झाल्यावर तुमच्या पान्याने नट सुटत नाहीत. ५० ते १०० किमी चालल्यावर एकदा पुन्हा तपासा.

हवा स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा. म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा जेमतेम दोन किमी चाललेली. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी स्टिकरवर अनेकदा वेगळा दाब असतो, तसा असेल तर गाडी भरून लांबच्या प्रवासाला निघण्याआधी तोच ठेवा. साइडवॉलवरचा कमाल दाब भरायचा नसतो. गाडी पळून आल्यावर दाब तीनचार पीएसआय वाढलेला दिसेल, तो काढून टाकू नका. नव्या रबरावर साच्यातला तेलकट थर असतो, त्यामुळे पहिले दोनतीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वेगात वळणं टाळा.

स्टेपनीचा डीओटी आकडाही त्याच वेळी बघून घ्या. ती दहा वर्षांची निघाली तर नव्या चारांबरोबर तीही बदला, किंवा जुन्यांपैकी सर्वांत कमी झिजलेला, सहा वर्षांच्या आतला टायर तिच्या रिमवर चढवून घ्या.