ठरावात पावसाळा लिही

सातारा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मेसेज वाचला. ‘वीसपेक्षा कमी पटाच्या सगळ्या शाळा बंद होणार, कायदा येतोय, सही करा आणि पुढे पाठवा.’ खाली तू विचारलं आहेस, ‘सर, वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या घेते, मग काय करू?’

सह्या घे, पण लगेच नको. या मेसेजात विधेयकाचा क्रमांक नाही, वर्ष नाही, कलम नाही. ज्या कागदाला विरोध करायचा तो आपण पाहिलेलाच नसला, की वरून एका ओळीचं उत्तर येतं: असा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही. तुझ्या वाडीतल्या बायका मजुरी बुडवून सही करायला येतात. असं उत्तर हातात पडलं की पुढच्या वेळी, खरोखरच विधेयक आलं तरी, त्या येणार नाहीत. मला त्याची काळजी जास्त आहे.

आधी समोर काय आहे ते ओळखायला शीक. २०२३ च्या सप्टेंबरात शिक्षण आयुक्तांकडून वीसपर्यंत पट असलेल्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे, म्हणजे अशा अनेक छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं त्यासाठी पुढे ठेवली होती. ते प्रशासनाचं पत्र होतं, कायदा नव्हता. पहिलीपासून हिंदी हा विषय आठव. १६ एप्रिल २०२५ ला शासन निर्णय निघाला, १७ जूनला तो बदलला आणि लोक खवळल्यावर २९ जूनला दोन्ही मागे घेतल्याची घोषणा झाली. एवढा गदारोळ झाला, पण विधानसभेत त्यावर मतदान झालेलं नव्हतं. तो शासन निर्णय होता, आणि तो मागे घेण्याचा अधिकारही शासनाचाच होता.

तिसरं उदाहरण मात्र नीट समजून घे. शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायला लावल्या. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्याने आपल्या नियमांत दुरुस्ती केली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला ही सक्ती नाही. मूळ कायद्याचा एक शब्दही न हलवता हजारो मुलांचा दरवाजा बंद झाला. पालक उच्च न्यायालयात गेले, ६ मे रोजी स्थगिती मिळाली आणि १९ जुलैला ती दुरुस्ती रद्द झाली. नियमाला मूळ कायद्याच्या विरुद्ध जाता येत नाही, हा त्यातला गाभा. म्हणजे पत्र आलं तर आयुक्तालयाला लिहायचं, शासन निर्णय आला तर मंत्रालयाला, नियम असेल तर हरकती-सूचनांची मुदत पाहायची आणि वेळ आलीच तर न्यायालय. आमदारांच्या दारात जायचं ते विधेयकासाठी. चुकीच्या दारात उभं राहण्यात महिने जातात.

समजा, विधेयक खरंच आलं. विधानसभेत मांडलेली विधेयकं राजपत्राच्या पाचव्या भागात मराठीत छापली जातात, विधानमंडळाच्या संकेतस्थळावरही मिळतात. बातमीवर थांबू नकोस, तो छापील मसुदा काढ आणि शेवटाकडून वाच. शेवटच्या पानांवर उद्देश व कारणे यांचं निवेदन असतं, खर्च किती आणि कुठून हे सांगणारं वित्तीय ज्ञापन असतं, आणि कोणते अधिकार शासनाकडे सोपवले आहेत ते सांगणारं ज्ञापन असतं. लोक पहिलं वाचून टाळ्या वाजवतात किंवा संतापतात. तू उरलेल्या दोन्हींवर बस. मुलांना वाहनाची सोय देऊ असं कलमात लिहिलं असेल आणि वित्तीय ज्ञापनात राज्याच्या तिजोरीवर नवा भार पडणार नाही असं असेल, तर गाडीचं डिझेल कोण भरणार? हा प्रश्न विचारायला वकील लागत नाही. तसंच ‘नियमांद्वारे ठरवण्यात येईल’ असं जिथे जिथे आहे तिथे लाल खूण कर. किती पट म्हणजे कमी पट, किती अंतर म्हणजे जवळ, हे आकडे कलमातच असतील तर ते बदलायला पुन्हा सभागृहात यावं लागतं. नियमांवर सोडले असतील तर एका अधिसूचनेत बदलतात. तुझी पहिली मागणी हीच असू दे की अंतराचा आकडा कायद्याच्या मजकुरात लिहा.

बारीक कलमाने काय होतं याचा नमुना फी नियमनाच्या कायद्यात आहे. २०११ चा हा कायदा पालकांच्या बाजूचा म्हणून आला. २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि शाळेच्या फीविरुद्ध विभागीय समितीकडे जायचं तर किमान २५ टक्के पालक एकत्र यावेत अशी अट आली. एकट्या आईला दाद मागण्याची वाट राहिली नाही. आपल्या मुलाला त्रास होईल या भीतीने मागे राहणारे पालक मी आयुष्यभर पाहिले आहेत, त्यामुळे ही अट मला अन्यायाचीच वाटते.

आता तुझ्या शाळेचं बोलू. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे शेजारशाळेचं अंतर धरलं आहे. कागदावर हे अंतर नकाशातून येतं. तू ते पायवाटेने मोज. वाटेत ओढा किती वेळा लागतो, साकव कुठे आहे, जून ते सप्टेंबर त्यावरून पाणी किती दिवस जातं, धुकं कधी उतरतं, गवे आणि बिबट्या कुठे दिसतात, एसटी कोणत्या फाट्यापर्यंत येते आणि शाळा सुटल्यावर परतीची आहे का, हे सगळं ठरावात लिही. अमुक मूल अमुक घरातून किती वाजता निघालं तर प्रार्थनेला पोचेल, इतकं बारीक लिही. जावळी तालुक्यातल्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात ही बातमी वाचून २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. धोरणावरच्या भाषणाने ते घडलं नसतं. पाणी, होडी आणि शाळेची वेळ एवढंच त्या बातमीत होतं.

आणि पट का पडला तेही लिही. पाटण-जावळीच्या वाड्यांतले बाप पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी कामाला आहेत. जमलं की बायको-मुलांना नेतात. उरलेल्यांपैकी ज्यांना परवडतं ते गावाखालच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये मूल बसवतात, कारण आपल्या शाळेत एकच गुरुजी, आणि तेही निम्मा आठवडा माहिती भरण्यात अडकलेले. कायद्याच्या अनुसूचीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. दुसरा शिक्षक किती महिने नव्हता आणि त्या काळात किती दाखले गेले, हे दोन्ही आकडे शाळेच्या दप्तरात असतात. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवण्यासाठी, ३० सप्टेंबरचा पट धरतात. मागच्या काही वर्षांचे ते आकडे एकाखाली एक मांडलेस, तर शाळा आपोआप ओस पडली असं कुणाला म्हणता येणार नाही.

एक गोष्ट तुला आवडणार नाही, तरी सांगतो. प्रत्येक छोटी शाळा वाचलीच पाहिजे असं मी मानत नाही. तीन मुलं, पाच इयत्ता, एक शिक्षक, यात मुलाला खो-खोचा संघ मिळत नाही, वाद घालायला सवंगडी मिळत नाही. रस्ता बारमाही असेल, गाडी सरकारची असेल, सोबत बाई असेल आणि पालकांना मान्य असेल, तर मोठ्या शाळेत जाण्यात मुलांचं भलंही होऊ शकतं. पण या चारांतलं एक जरी नसेल तर पहिली घरी बसते ती मुलगी. सातवीनंतर तुझ्या वाडीतल्या किती मुली थांबल्या आणि शाळा किती लांब होती, हा तक्ता तू कर. मोठ्या माणसांच्या सह्यांपेक्षा मला त्याचं वजन जास्त वाटतं.

लेखी निवेदन वाया जातं असं वाटलं तर जोतीरावांकडे बघ. त्यांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, खटावमधलं कटगुण. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी लेखी निवेदन दिलं आणि किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं मागितलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. देशभराचा कायदा यायला २००९ उजाडलं. मागणी मात्र कागदावर टिकली, आणि मागणाऱ्याने काय कारणं दिली होती तीही टिकली.

कामाचा क्रम सांगतो. तू शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षणप्रेमी म्हणून आहेस. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदाच सांगतो, तेव्हा पहिला ठराव तिथे होऊ दे, आणि सूचक एखादी आई असू दे. मग तोच ग्रामसभेत घे. तुमच्या गुरुजींना सहीसाठी किंवा बोलण्यासाठी पुढे करू नकोस. ते सेवेत आहेत, वर्तणुकीच्या नियमांनी बांधलेले आहेत.

विधानसभेच्या आमदारांबरोबर विधान परिषदेतल्यांनाही भेट. आपला सातारा जिल्हा पुणे विभागाच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांत येतो. शिक्षक मतदारसंघात प्राथमिक शिक्षकाला मत नाही, ते माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना आहे, त्यामुळे वाडीच्या शाळेचा प्रश्न तिथे मागे पडतो. तू पदवीधर आहेस, पदवीधर मतदारसंघात नाव नोंदव, मग मतदार म्हणून बोल. मागणी एवढीच ठेव की विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवा आणि लोकांच्या सूचना मागवा. जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी अशा समितीकडे बारा हजारांवर सूचना गेल्या होत्या, म्हणजे ही वाट उघडी आहे.

प्रत्येक कागदाच्या दोन प्रती ने आणि एकीवर तारखेसह पोच घे. मुलींचा तक्ता झाला की आधी मला पाठव, आकडे आपण मिळून तपासू.

तुझे,
सर