पाटपाणी : ‘नको’ म्हटलं की नको

या वेळच्या पत्रांत पाककृती कमी आणि तक्रारी जास्त आहेत. कुणाचं सासूशी वाजलंय, कुणाचं वेटरशी, कुणाचं स्वतःच्या आईशी. हरकत नाही. स्वयंपाकघरात उभी राहणारी बाई मतं बाळगूनच असते, मला ती मांडायला आवडतात.

सासूबाई पानात वाढतच राहतात. ‘पुरे’ म्हटलं तरी अर्धी पोळी येऊन पडतेच. टाकली तर अन्नाचा अपमान, खाल्ली तर रात्रभर पोट जड. माहेरी आम्ही आपापलं वाढून घ्यायचो. काय करू?
— एक सूनबाई, सातारा

सूनबाई, आमच्या अलिबागकडे लग्नाच्या पंगतीत जिलब्यांच्या पैजा लागायच्या. व्याह्यांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले की वाढपी बोटांच्या फटीतून जिलबी सोडायचा आणि अख्खा मांडव हसायचा. त्यात मजा होती, नाही म्हणत नाही. पण ती लग्नातली गंमत. मंगळवारी रात्री भेंडीची भाजी खाताना कसली पैज लावताय?

तरी सासूबाईंची बाजू सांगते. त्यांच्या तरुणपणी बऱ्याच घरांत बायका शेवटी जेवायच्या. तोवर पातेल्यात तळाची आमटी आणि डब्यात वातड पोळ्या. त्यांना ‘अजून घे गं’ म्हणणारं कुणी नसायचं. म्हणून त्यांच्या लेखी आग्रह म्हणजे माया. ती त्या तुमच्यावर ओततात, तुमच्या पोटाचा अंदाज न घेता.

आता उपाय. पहिला, ‘पुरे’ तोंडाने म्हणायच्या आधी हात पानावर आडवा गेला पाहिजे. शब्द ऐकू येत नाहीत, हात दिसतो. एकदा पोळी पानात पडली की ती उष्टी, परत दुरडीत जात नाही. दुसरा, त्यांनी वाढायच्या आधी आपणच काहीतरी मागायचं. ‘आई, ती जवसाची चटणी द्या ना जरा.’ वाढल्याचं समाधान त्यांना, चमचाभर चटणी तुम्हाला. तिसरा उपाय सगळ्यात जालीम: वाढायला तुम्ही उठा आणि त्यांना आधी बसवा. डाव ज्याच्या हातात, कारभार त्याचा. आणि तुमचा नवरा तिथेच बसून ताक पीत असेल ना? ‘आई, तिला नको’ एवढे तीन शब्द त्याला जड आहेत का, तेही विचारा.

माझी सात वर्षांची मुलगी डावखुरी आहे. शाळेत डाव्या हाताने लिहिते, त्याला आता कुणी काही म्हणत नाही. पण जेवताना माझी आई तिच्या डाव्या हातावर चापट मारते. ‘चारचौघांत कसं दिसतं’ म्हणते.
— एक बाबा, जळगाव

चापट आधी बंद करा. जेवणाच्या वेळी मार खाणारं पोर पुढे जेवायलाच टाळाटाळ करतं.

एका हाताने जेवायच्या रीतीमागे कारण आहे आणि ते आजींना ठाऊक असणारच. जेवणारा हात खरकटा. दुसरा कोरडा राहतो, त्याने पाण्याचं भांडं उचलायचं, वाढून घ्यायचं, शेजारच्याला मिठाची वाटी द्यायची. म्हणजे नियम एक हात स्वच्छ ठेवायचा आहे. तुमच्या लेकीचा उजवा हात स्वच्छ राहील, काम झालं. देवाचा प्रसाद उजव्या हातात घ्यायला शिकवा, आजींचाही मान राहील.

पोळी मात्र एका हाताने तोडायला शिकवाच, डाव्या का होईना. मधलं बोट आणि अनामिका यांनी पोळी ताटावर दाबून धरायची, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत कड पकडून आपल्याकडे ओढायची. पहिले काही दिवस पोळी ताटासकट फिरते. म्हणून सरावाला घडीची मऊ पोळी द्या, काल रात्रीची नको. आणि हो, ज्वारीची कडक भाकरी कुणी एका हाताने मोडून दाखवली तर मला कळवा. तिथे दोन्ही हात लावावेत, बुक्कीने कांदा फोडावा, कुणी बघत नाही.

एक बारीकशी गोष्ट. पंगतीत किंवा टेबलावर तिला डाव्या टोकाला बसवा. नाहीतर तिचं कोपर आणि शेजारच्या उजव्या हाताने जेवणाऱ्या माणसाचं कोपर सारखं एकमेकांवर आपटतं. बहुतेक डोळे वटारले जातात ते त्या धक्काबुक्कीमुळे.

हॉटेलच्या बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. मी काढायला सांगितला, तर मॅनेजर म्हणाला, ‘मेन्यूकार्डावर छापलंय.’ यजमान म्हणाले, चारशे रुपयांसाठी तमाशा नको. तमाशा कुणी केला?
— पुण्याहून एक ताई

मॅनेजरने. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने स्पष्ट सांगितलं की हॉटेलने सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही आणि दुसऱ्या नावाखालीही घुसडायचा नाही. २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही हे उचलून धरलं. मेन्यूकार्डावर छापलं म्हणून ते सक्तीचं होत नाही. तुम्ही ‘नको’ म्हणालात ना, मग विषय संपला. वरच्या सूनबाईंसारखंच आहे हे, फक्त इथे अर्धी पोळी चारशे रुपयांची आहे. ऐकत नसतील तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

जीएसटी मात्र द्यावाच लागतो, साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के. त्यावरून काउंटरच्या पोराशी हुज्जत घालू नका. तो कर आहे.

आणि ताई, चार्ज काढून घेतलात तर ज्या मुलाने तीनदा गरम फुलके आणून दिले, त्याच्या हातात काहीतरी ठेवूनच उठा. चार्ज वाचवून टीपही वाचवणारी माणसं मी पाहिली आहेत. ती घरीसुद्धा भांडी घासणाऱ्या मावशींसाठी कालचीच भाजी काढून ठेवतात.

जुलैत आम्ही कोकणात गेलो होतो. हॉटेलवाल्याने ‘आजचीच ताजी सुरमई’ म्हणून थाळी दिली, आठशे रुपये. कापसासारखी लागली. आम्ही घाटावरची माणसं, आम्हाला कळत नाही. फसवलं का?
— सोलापूर

‘आजचीच’ या शब्दापुरतं फसवलं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांचा विणीचा काळ, समुद्रही खवळलेला. त्या दिवसांत जुलैची सुरमई येते ती शीतगृहातून किंवा बर्फात बसून पूर्व किनाऱ्यावरून, कारण तिकडची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन जूनच्या मध्यावर उठते. बर्फातला मासा वाईट नसतो, नीट ठेवलेला असेल तर मीही घेते. पण एकदा बर्फ सुटून पुन्हा गोठवलेला मासा तव्यावर पाणी सोडतो आणि मग तुम्ही म्हणता तसा कापूस होतो. वरून रवा लावून कुरकुरीत केला की दोन घास कळतही नाही.

पुढच्या वेळी हॉटेलात शिरल्यावर ‘सुरमई आहे का?’ विचारू नका. असं विचारलं की उत्तर ‘आहे’ हेच येतं. ‘आज काय आलंय?’ विचारा. तो थांबून आत बघून आला, तर बसा. पाठ केल्यासारखं सुरमई-पापलेट-हलवा म्हणाला, तर वालाचं बिरडं आहे का ते बघा.

पावसाळ्यात आमच्याकडे मासे अडत नाहीत, बदलतात. खाडीतल्या चिंबोऱ्या म्हणजे खेकडे असतात, चिखलातले निवट्या नावाचे छोटे मासे असतात. आणि उन्हात वाळवून ठेवलेलं असतंच: सुके बोंबील, जवळा, सोडे. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. महाग असतात, पण मूठभर पुरतात. मंगळवारी-गुरुवारी न खाणारी आमच्या शेजारची काकूसुद्धा वासावर येऊन ‘काय गं केलंस?’ विचारून जाते.

तुम्ही आठशे घालवलेत, तर घरी गेल्यावर करण्यासारखं काहीतरी घ्या. मूठभर सोडे धुऊन कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, मोठे असतील तर दोन तुकडे करा. आलं, लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर वाटून त्यांना चोळा, हळद, तिखट घाला. तेलावर उभा चिरलेला कांदा चांगला लालसर होऊ द्या, घाई इथेच नडते. मग सोडे परता. सुरुवातीला वास उग्र येतो आणि घरातली मंडळी खिडक्या उघडतात. तो वास खमंग झाला की धुतलेले तांदूळ, थोडा गरम मसाला, मीठ आणि गरम पाणी. खिचडी मोकळी हवी, गुरगुटी नको. वर ओलं खोबरं. बरोबर भाजलेला पापड, आणि दही नको, कढी नको, काही नको.

तुम्ही सांगितल्यासारखी सोलकढी केली, पण हॉटेलातल्यासारखी गुलाबी होत नाही.
— नाशिक

होणार नाही. आमसुलाने येतो तो मंद, जरासा जांभळट गुलाबी. होळीच्या रंगासारखी दिसली तर बहुतेक त्यात बीट घातलेलं असतं. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरत असाल तर मीठ शेवटी चाखून घाला, आगळात आधीच असतं. आणि गॅसवर ठेवू नका, नारळाचं दूध फुटतं.

पाहुणे म्हणून गेलो आणि आमटीत मीठ कमी असेल तर यजमानीणबाईंना सांगावं का?
— बेळगाव

ताटाच्या वरच्या कडेला मधोमध मीठ का वाढतात? त्याच्या शेजारी लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. ही मांडणी ज्यांनी बसवली त्यांनी तुमची सोय करून ठेवली आहे. चिमूटभर घ्या, कालवा, गप्प जेवा. विचारलं तरच सांगा. जास्त झालं असेल तर भात मागून घ्या, तेवढ्यावरून तिला कळतं. ‘आमच्याकडे ना, आमटीत गूळ असतो’ हे वाक्य मात्र जाताना चप्पल घालून झाल्यावरही बोलू नये.

अनलिमिटेड थाळीच्या ठिकाणी आम्ही दोघांत एकच थाळी घेतली, आजींना फक्त वरणभात हवा होता म्हणून. वेटरने अडवलं. हे माणुसकीला धरून आहे का?
— ठाणे

मी हॉटेलवाल्याच्या बाजूने आहे. ज्या खेळात पोटावर मोजमाप नाही, तिथे माणशी एक थाळी हा एकच नियम त्याला वाचवतो. एका ताटातून दोघं जेवायला लागले तर त्याने पुरणपोळ्या कोणत्या हिशेबाने लाटायच्या? पण आधी काउंटरवर जाऊन ‘आजींना नुसता वरणभात द्याल का, वेगळे पैसे घ्या’ असं विचारलं असतंत, तर बहुतेक ठिकाणी कुणी नाही म्हणत नाही. बसल्यावर, ताट आल्यावर आणि वर वेटरच्या माणुसकीवर बोट ठेवून मागितलं की तो बिचारा मालकाकडे बघतो.

नवऱ्याने खाल्लेल्या तिसऱ्या जिलबीबद्दल त्याच पत्रात तुम्ही जे लिहिलंय, ते मी छापत नाही. ते तुमचं तुम्ही बघा.