शाळांसाठीचा मालमत्ता कर कमी करून तो पैसा राज्याच्या करांतून उभा करता येतो का?

येतो. अमेरिकेतल्या मिशिगनने ते केलंय. तिथे हा कर डोईजड झाला होता. कल्कास्का या गावाच्या मतदारांनी तो वाढवायला नकार दिल्यावर मार्च १९९३ मध्ये तिथल्या शाळा वर्ष संपायच्या आतच बंद कराव्या लागल्या. जुलैत विधिमंडळाने शाळा चालवण्यासाठीचा मालमत्ता कर रद्दच करून टाकला, तोही पर्याय हाताशी नसताना!

मार्च १९९४ मध्ये मतदारांनी ‘प्रपोजल ए’ (पर्यायी करांचा प्रस्ताव) मंजूर केलं. विक्रीकर ४ वरून ६ टक्के, सिगारेटच्या पाकिटावरचा कर २५ सेंटवरून ७५. शाळा चालवण्यासाठी राहत्या घरांवर बहुतेक ठिकाणी करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरला फक्त ६ डॉलर उरले. दर विद्यार्थ्यामागचा किमान निधी राज्य ठरवू लागलं, त्यात गरीब भागांचं भलं झालं.

गोम अशी की मंदीत विक्रीकर आटतो आणि तो गरिबाला जास्त टोचतो. शिवाय इमारतींचा खर्च स्थानिक मालमत्ता करावरच राहिला, म्हणून श्रीमंत वस्तीतल्या शाळा आजही देखण्या. माझ्या मते आयकर वाढवणं जास्त न्याय्य होतं. ‘प्रपोजल ए’ पडलं असतं तर तेच होणार होतं.