जुन्या सोफ्याच्या फोममधल्या आगरोधक रसायनांमुळे मोठ्यांना थायरॉइडचा त्रास होतो का?

संबंध असू शकतो, पण तुमचा त्रास सोफ्यामुळेच झाला असं कोणताही डॉक्टर ठामपणे सांगू शकणार नाही. संशय मुख्यतः पीबीडीई या ब्रोमिनयुक्त रसायनांवर आहे. त्यांची रचना थायरॉक्सिन (टी४) या थायरॉइडच्या संप्रेरकासारखी असते आणि शरीरात त्यांचे जे पदार्थ बनतात, ते रक्तात टी४ वाहून नेणाऱ्या ट्रान्सथायरेटिन प्रथिनावर टी४चीच जागा अडवतात. ही रसायनं फोमशी पक्की जोडलेली नसतात, त्यामुळे फोमचा भुगा व्हायला लागला की धुळीत उतरतात आणि हातावरून तोंडात जातात. घातक टिकाऊ रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात यांतल्या काहींवर २००९मध्ये आणि डेका-बीडीई या प्रकारावर २०१७मध्ये बंदी आली. जुनं फर्निचर मात्र घरोघरी आहेच. प्राण्यांवरच्या प्रयोगांत टी४ घटलेलं स्पष्ट दिसतं. माणसांत, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत, काही अभ्यासांना संबंध आढळला, पण एकूण निष्कर्ष एकसारखे नाहीत. रक्तातलं पीबीडीई मोजण्यात पैसे घालवू नका, त्यावरून उपचार ठरत नाहीत. लक्षणं असतील तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा. फाटलेला फोम बदला, धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, जेवणाआधी हात धुवा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती यासाठी बंद करू नका.